हुकलेल्या किकची तयारी : खेळाडू मुलांच्या करिअरकडे आपण कसं पाहतो?

३१ ऑक्टोबर २०२५. दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना. एका बाजूला पुणेरी पलटण. तिचा कर्णधार अस्लम इनामदार, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभान गावचा, आपल्यासारख्याच मराठी मुस्लिम घरातला. दुसऱ्या बाजूला दबंग दिल्ली आणि तिच्या बचावफळीत इराणचा फजल अत्राचली. सामना शेवटच्या क्षणांपर्यंत लटकलेला होता. अखेर फजलची पकड निर्णायक ठरली. दिल्ली ३१, पुणे २८. एका पकडीत एक संघ विजेता झाला आणि दुसरा उपविजेता.

दोन्ही नावं आपल्या घराघरांत कौतुकाने घेतली जातात, आणि घेतलीच पाहिजेत. पण कौतुक ओसरल्यावर जो प्रश्न उरतो, त्यावर आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. आपला मुलगा म्हणाला, "अब्बा, मला कबड्डीच खेळायचीय," तर काय उत्तर द्यायचं? हो म्हणायचं? की कान धरून अभ्यासाला बसवायचं?

हा प्रश्न मोठ्या शहरांपेक्षा सापगावसारख्या ठिकाणी जास्त टोचतो. शहापूरजवळ भातसा नदीच्या काठावरचं हे गाव. शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यात कबड्डी कुणाला शिकवावी लागत नाही. हिवाळ्यात गावोगाव रात्रीचे सामने रंगतात. आगरी, कुणबी, आदिवासी पोरांच्या खांद्याला खांदा लावून आपली पोरंही मातीत उतरतात. पण गावचं मैदान आणि टीव्हीवर दिसणारी मॅट यांत बरंच अंतर आहे. रोज चांगल्या सरावाला जायचं तर आसनगावला जाऊन लोकल पकडा, कल्याण किंवा ठाणे गाठा, रात्री परत या. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही. म्हणजे मुलाच्या खेळावर घराचा पैसा, वेळ आणि त्याचं शिक्षण, तिन्ही पणाला लागतात. म्हणून हा विषय नुसत्या टाळ्यांवर सोडता येत नाही.

एक ओळखीचं नाव, अनोळखी खेळ

आधी जरा लांबची एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत फुटबॉल नावाचा जो खेळ आहे, त्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. संघात पन्नासहून अधिक खेळाडू असतात, त्यातले अकरा एका वेळी मैदानावर. धडका देत, ढकलाढकली करत पुढे सरकायचं. पण त्यात एक खेळाडू असा असतो, जो या धुमश्चक्रीत जवळपास नसतोच. तो बाकावर थांबतो. संघ अडला की त्याला बोलावतात. जमिनीवर टेकवून धरलेला चेंडू त्याने लाथेने उडवायचा आणि साडेअठरा फूट अंतरावरच्या दोन खांबांमधून, दहा फूट उंच दांडीच्या वरून पार करायचा. त्याला किकर म्हणतात. चेंडू गेला तर तीन गुण, हुकला तर शून्य. मागून चेंडू निघाल्यापासून लाथ बसेपर्यंत दीड सेकंदही मिळत नाही. त्या दीड सेकंदावर त्याची नोकरी चालते.

१९८३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघात असाच एक नवा किकर आला. नाव अली हाजी-शेख. इराणी वंशाचा, मिशिगन विद्यापीठातून आलेला. खेळाडू निवडीत त्याचं नाव थेट नवव्या फेरीत लागलं होतं, म्हणजे फारशी अपेक्षा कुणालाच नव्हती. त्या हंगामात संघाची अवस्था वाईट होती. १६ पैकी फक्त ३ सामने जिंकले. पण अलीने ४२ पैकी ३५ किक खांबांमधून पार केल्या. एका हंगामात इतक्या किक त्याआधी लीगमध्ये कुणीही यशस्वी केल्या नव्हत्या. पहिल्याच वर्षी विक्रम आणि पहिल्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत नाव!

आणि दुसऱ्या वर्षी? ३३ पैकी फक्त १७. तोच माणूस, तेच पाय, तेच मैदान. तिसऱ्या वर्षी दुखापत. मग जायंट्स सुटला, अटलांटा संघ झाला, मग वॉशिंग्टन. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनने सुपर बोल, म्हणजे तिथली सर्वात मोठी स्पर्धा जिंकली. अली त्या विजयी संघात होता, अंतिम सामन्यात त्याने सहा जादा गुणही मिळवले. पण तोच त्याचा लीगमधला शेवटचा हंगाम ठरला. १९८३ ते १९८७, एवढीच कारकीर्द. वय सत्तावीस. ज्या वयात आपल्याकडे पोरगा नोकरीत जरा स्थिरावतो, त्या वयात याचा खेळ संपलेला होता.

अलीच्या मेहनतीत काही कमी होतं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणणार नाही. त्या कामाची रीतच तशी आहे. एका क्षणासाठी बोलावलेल्या माणसाला एका क्षणात घरीही पाठवलं जातं.

आपल्या मातीतली तिसरी चढाई

आता कबड्डीकडे या. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया गुणाविना गेल्या की तिसरी चढाई 'करो या मरो' असते. तीस सेकंदांत गुण आणा, नाहीतर बाद. समोर बचावपटू वाट बघत उभे, मागे आपला संघ श्वास रोखून. अशा वेळी कुणाला पाठवायचं हे प्रशिक्षकाने आधीच ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या किकरमध्ये आणि आपल्या या चढाईपटूमध्ये फरक इतकाच, की किकर चाळीस मीटरवरून लाथ मारतो आणि आपला मुलगा सात जणांच्या तोंडात शिरतो. हिशेब मात्र दोघांचा सारखाच. आधी किती चांगला खेळलास ते कुणी विचारत नाही, या वेळी काय केलंस ते विचारतात.

अस्लम इनामदारची वाटचाल या नजरेने बघा. वडील लवकर गेले. आईने मोलमजुरी करून घर सांभाळलं. पुणेरी पलटणने त्याला आठव्या हंगामात युवा खेळाडू म्हणून घेतलं. तो हंगाम कोविडच्या काळात, डिसेंबर २०२१ पासून बंगळुरूत एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. नवव्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, पलटण अंतिम फेरीत पोहोचली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण घेतलं, त्या संघात अस्लम होता. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवलं आणि पहिल्यांदा लीग जिंकली. कर्णधार अस्लम. हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडूही अस्लम. टाकळीभानचं पोर, तीन हंगामांत शिखरावर!

पण लगेच पुढचं पान उलटा. अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला. गुडघ्याची दुखापत झाली आणि अस्लम हंगामाच्या मध्यातच बाहेर बसला. गतविजेती पलटण प्लेऑफपर्यंतही पोहोचली नाही. हा पोरगा खमका निघाला, म्हणून २०२५ मध्ये पुन्हा कर्णधार म्हणून मैदानात आला आणि संघाला पुन्हा अंतिम फेरीत घेऊन गेला. अल्लाहचा शुक्र आहे. पण गुडघा फाटलेला प्रत्येक चढाईपटू असा परत येत नाही. जे परत येत नाहीत, त्यांची मुलाखत कुणी घेत नाही.

कोटींच्या बातम्या आणि नऊ लाखांचं वास्तव

२०२५ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना घेतलं. ही बातमी प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. पण त्याच लिलावात 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती, हे फार कुणी वाचलं नाही. नऊ लाख ही खेड्यातल्या घराला लहान रक्कम नाही, हे आम्हालाही कळतं. पण ती दरमहा येणारी रक्कम नाही. हंगाम दोनेक महिन्यांचा. पुढच्या वर्षी संघाने ठेवलं नाही, लिलावात कुणी हात वर केला नाही, तर उत्पन्न शून्य. आणि ही कथा लिलावापर्यंत पोहोचलेल्यांची आहे. लीगमध्ये संघ अवघे बारा. देशभरात मैदानावर घाम गाळणारी पोरं किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून खेळू नये का? अजिबात नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. आपण मुलाच्या बसलेल्या किकला टाळ्या वाजवतो, पण हुकलेल्या किकची तयारी करत नाही. घर तयारी करत नाही, मोहल्ला करत नाही, कौमही करत नाही. मग मुलगा जिंकला तर 'हमारा शेर', आणि हरला तर 'हमने तो पहले ही कहा था'.

हुकलं की वजन दुप्पट

आपल्या मुलांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. गोलंदाज सगळेच निष्प्रभ ठरले होते. पण शिवीगाळ कुणाच्या वाट्याला आली? मोहम्मद शमीच्या. त्याच्या धर्मावर, त्याच्या देशप्रेमावर. पुढच्या वर्षी आशिया चषकात अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला, तर त्या शीख मुलालाही तसंच सोसावं लागलं. म्हणजे अल्पसंख्य घरातल्या खेळाडूची चूक ही फक्त खेळातली चूक राहत नाही. किक त्याची हुकते आणि हिशेब अख्ख्या समाजाचा मांडला जातो.

त्या वेळी कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर शमीच्या बाजूने स्पष्ट उभा राहिला, हेही लक्षात ठेवायला हवं. आणि शमीने काय केलं? दोन वर्षांनी विश्वचषकात सात सामन्यांत २४ बळी घेतले. त्यातले सात तर आपल्या वानखेडेवर, न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामन्यात.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये, रमजानमध्ये, चॅम्पियन्स ट्रॉफीचा उपांत्य सामना खेळताना शमीने मैदानावर पेय घेतलं, तेव्हा त्याच्यावर तुटून पडणारे आपलेच होते. रोजा हा बंदा आणि त्याचा रब यांच्यामधला मामला. प्रवासात रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीअतनेच दिलेली आहे. तरीही भर स्पर्धेत एका खेळाडूच्या डोक्यावर आपण आणखी एक ओझं ठेवलं. एकीकडून देशप्रेमाची परीक्षा, दुसरीकडून ईमानाची. मधल्या मध्ये त्या माणसाने चेंडू कुठे टाकायचा?

इथे पुन्हा अमेरिकेतला एक किकर आठवतो. जानेवारी १९९१. सुपर बोलचे शेवटचे काही सेकंद. बफेलो संघ १९-२० असा एका गुणाने मागे. स्कॉट नॉरवूड सत्तेचाळीस यार्डांवरून, म्हणजे साधारण त्रेचाळीस मीटरवरून किक मारायला उभा. चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. संघ हरला. दुसऱ्या दिवशी बफेलो शहराच्या चौकात हजारो लोक जमले. दगड मारायला नाही. ते नॉरवूडच्या नावाचा गजर करत होते, त्याला पुढे बोलावत होते. तो गहिवरून गेला. नोकरी त्याची फार टिकली नाही, आणखी एकच हंगाम तो खेळला. पण त्याच्या शहराने त्याला एकटं सोडलं नाही. हुकलेल्या माणसाबरोबर कसं वागायचं, हे त्या शहराने दाखवून दिलं.

मग करायचं काय?

आपल्या दीनची शिकवण साधी आहे. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा. खेळाडू मुलाच्या घरात उंट बांधायचा म्हणजे काय, ते आमच्या परीने सांगतो.

पहिलं, शाळा सोडायची नाही. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे आणि ती शाळा-कॉलेजच्या नावावरच चढता येते. नाव शाळेच्या पटावर नसेल तर शिडीच नाही. शिवाय ठरावीक पातळी गाठली तर दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे खेळ आणि अभ्यास एकमेकांचे वैरी नाहीत, आपण त्यांना वैरी करून ठेवलंय.

दुसरं, कागद सांभाळायचे. महाराष्ट्रात सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदासाठी कोणत्या पातळीवरची कामगिरी लागते, हे नियमात ठरलेलं आहे. त्यासाठी प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच लागतं आणि त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. गावच्या ट्रॉफ्या कपाटात छान दिसतात, पण नोकरीच्या अर्जाला त्या जोडता येत नाहीत. कोणती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे, हे खेळण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. एक फेरी वाया गेली तरी चालेल, पोराची पाच वर्षं वाया जायला नकोत.

तिसरं, नोकरीचा रस्ता कमी लेखू नका. मुंबई-ठाण्याच्या कबड्डीचा कणा लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून रेल्वे, पोलीस, बँका आणि कंपन्यांचे संघ हाच आहे. लीग सुरू झाली २०१४ मध्ये. त्याआधीची कितीतरी घरं या नोकऱ्यांनीच उभी केली. लीगचा करार दोन महिन्यांचा, पण खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी निवृत्तीपर्यंतची. गुडघा गेला तरी पगार येतो.

चौथं, दुखापतीचा विचार आधी करा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक खेळाडूने ते घ्यावं. पण ते अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च त्यातून निघत नाही. त्यासाठी घराने वेगळी पुंजी ठेवावी. बक्षिसाचे पैसे आले की आधी मोबाइल नाही, आधी ही पुंजी. आणि दुखऱ्या पायाने 'एक मॅच खेळून घे रे' म्हणणाऱ्या आयोजकाला नाही म्हणायला पोराला शिकवा.

पाचवं काम जमातीचं. मुलगा जिंकून आला की शाल, नारळ, बॅनर, मिरवणूक. चांगलं आहे, पोराचं मन मोठं होतं. पण त्याच बॅनरच्या पैशात एखाद्या पोराचा आसनगाव ते ठाणे असा महिनाभराचा लोकलचा पास आणि बुटांची जोडी येईल. बैतुलमालमधून आपण शिक्षणाला मदत करतो. त्याच धर्तीवर दुखापत झालेल्या खेळाडूच्या उपचारासाठी वेगळी छोटी पेटी ठेवायला काय हरकत आहे? शाल जिंकलेल्यासाठी असते, ही पेटी हरलेल्यासाठी असेल. आणि हे सगळं मुलींनाही लागू आहे. शालेय स्पर्धांची शिडी त्यांच्यासाठीही आहे, खेळाडूंच्या आरक्षणात त्यांचाही वाटा आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लेगिंग घालून मैदानात उतरणारी मुलगी पाहून भुवया उंचावण्याऐवजी तिला सरावाला सोडायला कोण जाणार, ते ठरवा.

शेवटी

ज्या श्रीरामपूर तालुक्यातून अस्लम आला, त्याच श्रीरामपुरात झहीर खान जन्मला. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेणारा, कसोटीत ३११ बळी घेणारा झहीर. गुणवत्ता मुंबईच्या दारातच जन्मते असं काही नाही. ती टाकळीभानला जन्मते, तशी सापगावलाही जन्मू शकते. अल्लाहने ती वाटताना पिनकोड पाहिलेला नाही.

पण गुणवत्ता एका क्षणाची असते आणि आयुष्य साठ-सत्तर वर्षांचं. अली हाजी-शेखच्या पहिल्या हंगामातल्या ३५ किक नोंदीत राहिल्या, पण त्याला उरलेलं सगळं आयुष्य किकशिवाय जगायचं होतं. आपल्या मुलांनाही तेच करायचं आहे. खेळ संपल्यावर हातात पदवी असेल, नोकरी असेल, घरच्यांचा हात पाठीवर असेल, तर तो मुलगा चढाईला जाताना जास्त मोकळ्या मनाने जाईल. ज्याला माहीत असतं की पडलो तर उचलायला माणसं आहेत, त्याचेच पाय मॅटवर थरथरत नाहीत.

तेव्हा घरातलं पोर "मला खेळायचंय" म्हणालं, तर त्याला हो म्हणा. त्याच दमात हेही सांगा : "हरलास तरी याच दाराने घरात ये. जेवण गरम असेल."